स्वयंशासन दिनाचा दुसरा दिवस

बाई, मला अजून तुमचा राग आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तुमच्या घरच्यांनीही आता तुमच्यासाठीचं रडणं आवरतं घेतलं असेल, पण माझा राग आहे तसाच आहे, ठणठणीत. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलत नाहीच आहे, लिहिते आहे. आणि वाईट तरी कसलं, जे झालं तेवढंच लिहिणार आहे. वर्गातली बाकीची मंडळी भेटली की तुमचं नाव निघतं, तुमच्या नागरिकशास्त्राच्या तासाचं कौतुक होतं, तुमच्या हातच्या तिळाच्या वड्यांची आठवण निघते. मी चहा पीत राहते. मला तुम्ही आठवता शाळेच्या फाटकाची कडी लावताना.

डोंबिवली पूर्वेतली ती आपली शाळा. आठवी ते दहावी सकाळची. मी दहावीत गेले त्या वर्षी तुम्ही मला शाळाप्रमुख केलंत. मतदान वगैरे काही नव्हतं, तुम्ही वर्गात आलात, माझ्याकडे बोट दाखवलंत आणि म्हणालात, "हिचा आवाज खणखणीत आहे, हीच." माझे बाबा मानपाड्याच्या बाजूच्या एका कारखान्यात मशीनवर होते, आमच्या घराण्यात कुणी कशाचं प्रमुख झालेलं नव्हतं. तो पितळी बिल्ला आईने चिंचेने घासून लखलखीत केला. शाळाप्रमुखाची कामं तीन. प्रार्थनेनंतर प्रतिज्ञा सांगायची, रांगा सरळ करायच्या आणि घंटेचे टोल थांबले की फाटकाला आतून कडी घालायची. कडी पडल्यावर जो येईल तो बाहेर. प्रार्थना संपली की उशिरा आलेल्यांना आत घ्यायचं आणि पहिला तासभर त्यांनी मैदानातले कागद वेचायचे. हा नियम मोठ्या सरांचा, म्हणजे मुख्याध्यापकांचा, आणि हात माझा. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. तुम्हीच शिकवायचात ना, अधिकार आणि जबाबदारी ह्या जुळ्या बहिणी, एकीला घरात घेतलं की दुसरीलाही घ्यावं लागतं. मला ते वाक्य इतकं आवडायचं की मी ते घरी भांडणातसुद्धा वापरायचे.

कागद वेचणाऱ्यांत आठवीतली एक मुलगी जवळजवळ रोज असायची. दिव्याहून यायची. मध्ये एकच स्टेशन, तरी रोज उशीर. धावत यायची, फाटक लागलेलं बघून थांबायची, आणि भिंतीला टेकून उभी राहायची. तिचा निळा स्कर्ट नेहमी डाव्या बाजूला ओला असायचा. मोठे सर त्यावरूनही तिला बोलायचे, गणवेश नीट वाळवून घालता येत नाही का म्हणून. मला वाटायचं, असेल वेंधळी. एका बाजूला ओला स्कर्ट म्हणजे कमरेवर कळशी, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं, कारण आमच्या घरी नळ होता.

मग आला स्वयंशासन दिन. म्हणजे त्या दिवशी दहावीच्या मुलांनी शाळा चालवायची, कुणी गणिताचे सर, कुणी शिपाई, आणि मी मुख्याध्यापिका. आदल्या संध्याकाळी तुम्ही मला घरी बोलावलंत, साडी नेसवून बघायला. तुमचं स्वयंपाकघर मला आजही डोळ्यांपुढे दिसतं. ओट्यावर तांदळाच्या पिठाचं पातेलं, तव्यावर घावन, बाहेरच्या खोलीत काकांचा रेडिओ. तुम्ही पांढऱ्या सुती साडीची घडी उलगडता, हिरव्या काठाची, नोकरीच्या पहिल्या दिवशी तुम्ही नेसलेली. मला समोर उभं करून निऱ्या घालता आणि म्हणता, "खाली बघू नकोस, निऱ्या बोटांना कळतात. मान वर ठेव. उद्या शाळा तुझी." मी हसले. तुम्ही हसला नाहीत. "हसतेस काय. मोठे सरसुद्धा तुझ्या परवानगीने आत येतील. मी मागेपुढे करायला नसेन. काय ठरवायचं ते तू ठरव." बाई, मी तेव्हा विचारलं होतं, आठवतंय का तुम्हाला? मी विचारलं, "बाई, खरंच काय वाटेल ते ठरवू?" आणि तुम्ही तोंडातली सेफ्टी पिन काढून, पदर खांद्यावर टाचून म्हणालात, "खरंच. नाहीतर हा दिवस करायचाच कशाला?"

दुसऱ्या दिवशी मी त्या साडीत मोठ्या सरांच्या खुर्चीत बसले. सर दारात आले, "आत येऊ का मॅडम?" म्हणाले, सगळे हसले, मी "या" म्हटलं. तुम्ही सगळे शिक्षक त्या दिवशी पाहुणे, शिक्षकांच्या खोलीत चहा-बिस्किटं खात बसलेले. घंटा झाली आणि मी खिडकीतून पाहिलं तर भिंतीबाहेर नेहमीची दहा-बारा पोरं उभी. मी उठून खाली गेले आणि फाटक उघडलं. एकेकाला विचारायला लागले, का उशीर. कुणाला झोप लागली होती, कुणाचा भाऊ आजारी होता. ती दिव्याची मुलगी माझ्या साडीकडेच बघत होती.

"तुला का उशीर?"

"पाणी भरत होते, ताई."

"रोज?"

"रोज एका वेळेला येत नाय. येतं तेव्हा भरायला लागतं. कधी पाच वाजता येतं, कधी साडेसहाला. भरल्याशिवाय आई सोडत नाय."

"मग हे सरांना का नाही सांगितलंस कधी?"

ती म्हणाली, "सरांनी विचारलं नाय."

बाई, मला त्या क्षणी जे वाटलं त्याला मी आजही नाव देऊ शकत नाही, पण एवढं नक्की, की मला वाटलं आपण प्रमुख कशासाठी आहोत ते आज कळलं. मी वर गेले आणि सूचना लिहिली: पाणी भरण्याच्या कारणास्तव उशीर होणाऱ्या विद्यार्थ्यांना पहिला तास सुरू होईपर्यंत शाळेत प्रवेश द्यावा, त्यांना मैदान साफ करण्याची शिक्षा करू नये. खाली ऐटीत सही ठोकली. शिपाई झालेला आमच्या वर्गातला मुलगा ती प्रत्येक वर्गात फिरवून वाचून आला. तुमच्याकडेही आणली त्याने. तुम्ही चष्मा लावून वाचलीत आणि म्हणालात, "भाषा छान आहे. 'कारणास्तव' वापरलाय." आणि बाकीच्या शिक्षकांकडे वळून म्हणालात, "बघा, जबाबदारी म्हणतात ती ही." दुपारच्या समारोपाला मोठ्या सरांनी भाषणात माझं नाव घेतलं. दूरच्या मुलांचा विचार केला, असा कारभार हवा, म्हणाले. टाळ्या पडल्या. आठवीच्या रांगेत ती मुलगी हात डोक्याच्या वर नेऊन टाळ्या वाजवत होती. त्या संध्याकाळी मी साडी परत द्यायला आले तर तुम्ही म्हणालात, "राहू दे तुलाच. शोभते." मला हरभऱ्याच्या झाडावर अगदी शेंड्यापर्यंत चढवलंत. उद्यापासून हे नाही, असं कुणी म्हणालं नाही. मोठे सर नाहीत, तुम्हीही नाही.

आता तो दुसरा दिवस. मी गणवेशात, बिल्ला लावून फाटकाशी उभी आहे. टोल थांबतात. मी कडी घालत नाही. प्रार्थना सुरू होते, आणि स्टेशनच्या बाजूने ती येताना दिसते. चालत येते आहे, बाई. इतके महिने मी तिला धावतानाच पाहिलं होतं, त्या दिवशी पहिल्यांदा ती इतर मुलींसारखी चालत आली, वेणी पुढे घेऊन, माझ्याकडे बघून हसत. तेवढ्यात मागून मोठ्या सरांचा आवाज, कडी का उघडी आहे. मी म्हटलं, सर, सूचना आहे ना. कसली सूचना? मी काही बोलायच्या आत तीच बोलली, भाबडेपणाने, "काल निघाली ना सर. पाणी भरणाऱ्यांना सूट हाय."

"सूट? तुला सूट दिली कोणी?"

तिने माझ्याकडे बोट दाखवलं. सर तांबडे लाल झाले. प्रार्थना संपली होती, सगळी शाळा आमच्याकडे बघत होती, आणि सरांनी तुम्हाला हाक मारली. तुम्ही रांगांमधून वाट काढत आलात. मला हायसं वाटलं, खरंच सांगते. मला वाटलं, आता बाई सांगतील. सर म्हणाले, "बाई, ह्यांना तुम्ही समजावलं नव्हतं का, तो कार्यक्रम होता म्हणून?" आणि तुम्ही म्हणालात, "बजावून सांगितलं होतं सर. मुलं चढून बसतात." मग माझ्याकडे न बघता, खालच्या आवाजात, "अगं, खेळ होता तो. इतकंही कळू नये?" तुम्ही त्या मुलीचा दंड धरलात, तिला फाटकाबाहेर केलंत आणि कडी घातलीत. मी घालायची ती कडी त्या दिवशी तुम्ही घातलीत. गंजलेली होती, हिसका द्यावा लागायचा. तुम्हाला सवय नव्हती, बोट चिमटलं तुमचं, तुम्ही ते तोंडात धरलंत. मी बघत होते.

उशिराबद्दल तिला काही झालं नाही, झालं ते उलट बोलल्याबद्दल. पालकांना घेऊन ये, तोवर वर्गात बसायचं नाही. आधी बिचारी तासभर कागद वेचायची आणि वर्गात जायची, मुकाट्याने का होईना शिकत होती. माझ्या सूचनेने तिला तोंड दिलं आणि त्या तोंडापायी ती बाहेर गेली. वड्याचं तेल वांग्यावर, आणि वांगं निवडलंत तेही आठवीतलं. आठवडा झाला, ती आली नाही. मी तुम्हाला शिक्षकांच्या खोलीच्या दारात गाठलं. तुम्ही वह्या तपासत होतात. मान वर न करता म्हणालात, "दिव्याची मुलं गळतातच गं. तुझं दहावीचं वर्ष आहे, तू अभ्यासाकडे बघ."

मी अभ्यासाकडे बघितलं नाही. शाळा सुटल्यावर घरी खोटं सांगून दिव्याला गेले. बिल्ला लावून गेले, मला वाटलं त्याने वजन पडेल. चाळी चाळी विचारत फिरले. घरं अजून ओली होती, प्लास्टरचा वास येत होता, आणि लोक राहायलाही आले होते. एका कोपऱ्यावर नळाला हंड्यांची रांग, आणि रांगेत ती, शाळेच्याच स्कर्टमध्ये. मला बघून ती आधी हसली आणि मग घाबरली. "ताई, तुम्ही इथं कशाला?" तिची आई घरकामं उरकून नुकतीच आली होती, साताऱ्याकडची असावी बोलण्यावरून. मी सगळं सांगितलं, तुम्ही एकदा शाळेत या, सरांना भेटा, बाकी मी बघते. हो, बाई, मी म्हटलं, बाकी मी बघते. तुमच्याच सुरात. तिने मला बसायला पाट दिला, पाणी दिलं, त्या घरात पाणी दिलं मला, आणि शांतपणे विचारलं, "शाळा तुझी हाय व्हय, पोरी?"

मी नाही म्हटलं.

"मग ज्याची हाय त्याला धाड. मी एक खाडा केला तर दोन घरची कामं जात्यात माझी. तिथं येऊन मी काय सांगू, पाणी का भरतो म्हून? त्यो सायेब आला तर त्याला दावते की नळ."

हे मी तुम्हाला शब्दाला शब्द येऊन सांगितलं. मोठ्या सरांकडून मला अपेक्षा नव्हतीच, मी तुम्हाला म्हटलं, बाई, तुम्ही चला ना, एकच स्टेशन आहे. तुम्ही म्हणालात, "बघू." त्यानंतर मी रोज बघत होते, तुम्ही काही बघितलं नाहीत. शेवटी एक दिवस मी बिल्ला तुमच्या टेबलावर ठेवला आणि बरोबर साडीही, धुऊन, इस्त्री करून, कागदात गुंडाळून. तुम्ही बिल्ला उचललात आणि म्हणालात, याला माज म्हणतात. साडी माझ्याकडे सरकवलीत आणि म्हणालात, "दिलेलं मी परत घेत नाही." बाई, तुम्ही हे वाक्य म्हणालात आणि तुमचा चेहरा जरासुद्धा हलला नाही.

दहावीच्या निरोप समारंभात तुम्ही तो किस्सा रंगवून सांगितलात. आमच्या एका दिवसाच्या मुख्याध्यापिका दुसऱ्या दिवशीही खुर्ची सोडेनात, असा. हॉल हसत होता. मी हसले नाही. तुम्ही म्हणालात, "बाईसाहेबांचा राग अजून गेला नाही वाटतं." आणि लोक आणखी हसले.

मोठी झाल्यावर मला कळलं की तेव्हा तुमची नोकरी अजून कायम झालेली नव्हती, मोठ्या सरांच्या एका शेऱ्यावर सगळं अडलेलं होतं. ज्यांनी सांगितलं त्यांना वाटलं मी विरघळेन. मला तुमची भीती कळते, मीही नोकरी केली आहे, साहेबापुढे माझीही जीभ टाळूला चिकटते. भ्यायल्याचा राग नाही माझा. तुम्ही कडी घातलीत, ठीक आहे, त्या घटकेला दुसरं सुचलं नसेल. पण संध्याकाळी मला घरी बोलावून घावनाच्या तव्यासमोर उभं करून एवढंच म्हटलं असतंत, मी घाबरले गं, तर मी तुमचे पाय धरले असते. एक वाक्य. त्याऐवजी तुम्ही काखा वर केल्यात आणि वर मलाच वेड्यात काढलंत. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीला तुम्ही मोठ्यांचा अधिकार दिलात, खेळायला, आणि ती खेळली नाही, तिने तो खरा धरला, हा तिचा गुन्हा. मुलांना पुढारी करायची हौस असते सगळ्या शाळांना. बिल्ले वाटायचे, रांगा सरळ करून घ्यायच्या, आपल्याला नको असलेली कडी त्यांच्या हातून घालून घ्यायची. आणि एखादीने ती उघडली की तो खेळ होता. जुळ्या बहिणींपैकी अधिकार तुम्ही संध्याकाळी परत नेलात, जबाबदारी मात्र माझ्या दारात सोडून गेलात. ती आजपर्यंत माझ्याकडेच राहते आहे.

त्या मुलीचं पुढे काय झालं मला माहीत नाही. वर्षअखेरीला पुन्हा एकदा गेले तेव्हा त्या खोलीत दुसरं बिऱ्हाड होतं. माझं काय झालं ते सांगते. ऑफिसात कुणी म्हणालं, ह्याचं तुम्हीच काय ते ठरवा, की माझ्या तोंडून आपोआप निघतं, आणि उद्या? उद्याही मीच ठरवलेलं राहील ना? लोकांना ते खवचट वाटतं. सोसायटीने मला सेक्रेटरी करायचं मनावर घेतलं होतं, माझा हाच प्रश्न ऐकून त्यांनी दुसरा सेक्रेटरी शोधला. तुम्ही गेल्याचं कळलं त्या दिवशी मी तुमच्या घराच्या गल्लीपर्यंत आले होते. बाहेर चपला खूप दिसल्या, आमच्या शाळेतली माणसं दिसली, आणि मी कल्याणची गाडी पकडून घरी आले. रडले नाही. तुमच्यासाठी रडायला बसले असते तर आधी भांडले असते.

आज हे लिहायचं कारण वेगळं आहे. माझी मुलगी दहावीत आहे, इथे कल्याणला, आणि उद्या तिच्या शाळेत स्वयंशासन दिन आहे. ती मुख्याध्यापिका. मघाशी कपाट उपसून तिने तुमची साडी काढली. "आई, ही कुणाची? एकदम प्रिन्सिपल टाइप आहे. हीच नेसणार." मी म्हटलं, नेस. निऱ्या घालता घालता तिने सांगितलं, त्यांच्याकडे मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप असतं, किल्ली मागायला शिक्षकांच्या खोलीत जावं लागतं, तिथे सर बसलेले असतात, म्हणून लहान मुली दिवसभर तशाच बसतात. उद्या पहिलं काम ते कुलूप काढायचं. मग तिने विचारलं, "आई, पण मी खरंच काय वाटेल ते ठरवू शकते ना?"

तिचा पदर टाचायला मी सेफ्टी पिन तोंडात धरली होती. मला बोलायचं होतं, बाळा, ते नाटक असतं, टाळ्या घे आणि संध्याकाळी सगळं परत करून ये. तिला वेळेवर सावध करायचं हे मी केव्हाच ठरवून ठेवलं होतं. पिन काढली आणि तोंडातून निघालं, मान वर ठेव, उद्या शाळा तुझी. तुमचंच वाक्य, बाई, त्याच सुरात. ते खोटं आहे हे माझ्याइतकं कुणाला माहीत नाही, तरी तिचा चेहरा बघून मला दुसरं म्हणवेना. तुम्हालाही त्या संध्याकाळी दुसरं म्हणवलं नसेल, हे आज पहिल्यांदा माझ्या मनात आलं. राग त्याने कमी झाला नाही. हे पत्र मी कुठे टाकणार नाही, तुम्हाला पोचण्यासारखी जागाही नाही. एवढंच कबूल करते, की तिला तुमचं वाक्य देऊन झाल्यावर मी बाहेर आले आणि साहेबांना फोन केला. उद्याची रजा मी मागितली नाही. परवाची मागितली आहे. परवा सकाळी घंटेच्या आधी मी तिच्या शाळेच्या फाटकाशी जाऊन उभी राहणार आहे.